खुर्ची तिसरी, खुलासा माझा

सव्वीस वर्षं मी रोज लिहीत आलो आणि शेवटचा एक सोडला तर त्यातल्या एकाही कागदावर माझी सही नाही. संपादकांनी दिवाळी अंकासाठी काहीतरी लिहून द्या म्हटलं तेव्हा सवयीने तोंडून गेलं, "कोणाच्या वतीने?" ते हसले. मी मात्र खरंच विचारलं होतं.

माझा धंदा अर्जनवीसाचा. सौदीत बुरैदा शहरात कामगार कचेरीच्या समोरच्या गल्लीत एक 'खिदमात'चं दुकान आहे. खिदमात म्हणजे सेवा. एक झेरॉक्स मशीन, दोन टेबलं, पाण्याचा कूलर आणि भिंतीवर मक्केचा फोटो, एवढ्या भांडवलावर आम्ही अख्ख्या कसीम इलाख्याची सेवा करायचो. दुकान अबू नासिरचं. तोच माझा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर माझा परवाना तो मालक. शाळेत कारकून होता, रिटायर होऊन हे दुकान टाकलं. मी रायगडातल्या खाडीकाठच्या गावचा. मदरशात अरबी वाचायला शिकलो होतो, पण कचेरीतली अरबी मला अबू नासिरने शिकवली. चूक झाली की तो कागद स्वतः न फाडता माझ्याकडूनच फाडून घ्यायचा. माझ्या इकाम्यावर, म्हणजे तिथे राहायच्या परवान्यावर, मात्र पेशा 'आमिल' असा होता, म्हणजे साधा मजूर. सव्वीस वर्षांत मी पाण्याच्या बाटलीपलीकडे काही उचललं नाही, पण सरकारदरबारी मी मजूर. त्याचं पुढे काय झालं ते सांगतो.

आपल्याकडे अर्ज, तिकडे मारूज. शब्द एकाच मुळातले, पण वळण अगदी वेगळं. आपला माणूस अर्ज सांगायला बसला की वडिलांच्या आजारपणापासून सुरुवात करतो. मग बहिणीचं लग्न, मग विहिरीचं पाणी, आणि मागणं काय ते शेवटच्या ओळीत, तेही लाजत. अरबी साहेब तिसऱ्या ओळीच्या पुढे वाचत नाही. तो वाईट असतो म्हणून नव्हे, त्याच्यासमोर असे ढीग पडलेले असतात म्हणून. म्हणून मी सगळ्यांना सांगायचो, मागणं वर घ्या, रडणं खाली ठेवा. पहिल्या ओळीत साहेबाला सलाम, दुसरीत तुमचा इकामा नंबर, तिसरीत काय पाहिजे. एक पान, त्यापुढे अक्षर नाही.

गिऱ्हाइकं एकेक नमुने होती. तेलंगणचा एक मेंढपाळ मालकाविरुद्ध तक्रार द्यायला आला आणि अर्धा तास एका सांडणीचं कौतुक करत बसला. शेवटी कळलं, मालकाने ती विकली हीच तक्रार होती. एक सौदी शेतकरी आपल्या बिहारी माळ्याविरुद्ध लिहायला आला. खजुराची झाडं त्याने कशी वाढवली हे सांगता सांगता त्याचा राग उतरला आणि कागद फाडून तो माळ्यासाठी घुतरा, म्हणजे डोक्याचा रुमाल, विकत घ्यायला गेला. अशा वेळी मला माझ्या धंद्याचा अभिमान वाटायचा. निम्मी भांडणं कोणीतरी नीट ऐकून घेतलं की तिथेच मिटतात.

उरलेली निम्मी कचेरीच्या पहिल्या मजल्यावर जायची.

तिथे कामगारांच्या तंट्यांची समिती बसायची. लांब टेबल, त्यामागे तीन खुर्च्या. मधली उंच पाठीची, अध्यक्षांची. समितीचा निर्णय तिघांच्या सहीने व्हायचा, दोघांच्या नाही, असा नियम. मी तिथे हिंदी, उर्दू, मराठी बोलणाऱ्यांचा दुभाषी म्हणून उभा राहायचो. एका वर्षी, खजुराचा बाजार भरायच्या सुमाराला, अध्यक्ष रिटायर झाले. दुसरा माणूस महिन्याभरात येईल असं सगळे म्हणत होते.

तो येईना. समितीचा कातिब, म्हणजे नोंदी ठेवणारा कारकून, अबू सालेह म्हणून होता. त्याने मला कारण समजावून सांगितलं. राजधानीत या समित्या मोडून त्या जागी नवी कामगार कोर्टं काढायचं घाटत होतं. त्याच्या नियमांचा मसुदा नियम करणाऱ्या मंडळींसमोर जायचा, कोणाचा तरी एखाद्या कलमाला आक्षेप यायचा, आणि मसुदा दुरुस्तीला परत. नवीन मंजूर होत नाही तोवर जुन्या समितीवर माणूस कशाला नेमायचा, असं काहींचं म्हणणं. नेमल्याशिवाय काम कसं चालणार, असं दुसऱ्यांचं. दोन्हीकडे शहाणी माणसं होती. अध्यक्षांसाठी नाव गेलेलं होतं, फाइल वर होती आणि वरच राहिली.

सुनावणीच्या दिवशी बाकीचे दोघे सदस्य वेळेवर यायचे. रिकाम्या खुर्चीच्या दोन बाजूंना बसायचे. तिच्यावर कोणी हात टेकवायचा नाही, फाइलही ठेवायची नाही. कॉफी व्हायची. मग अबू सालेह उगाचच दाराकडे बघायचा आणि वहीत लिहायचा, निसाब पूर्ण नाही. आपल्याकडे ज्याला गणपूर्ती म्हणतात ते. पक्षकारांना आत बोलवून पुढची तारीख द्यायची. अरबीत तारीख म्हणजे दिवस आणि तारीख म्हणजे इतिहासही. त्या वर्षी आमच्याकडे दोन्हीत फरक उरला नव्हता.

कायदा चांगला होता हो. कामाचे तास, सुट्टी, करार संपल्यावर दुसरीकडे जायची मुभा, सगळं पुस्तकात छापलेलं. पण ते पुस्तक उघडायला तीन माणसं लागत आणि होती दोन. मशीनमध्ये हात गेलेला एक गवंडी दर तारखेला पट्टी बांधून यायचा. चौथ्या तारखेला पट्टी गेली होती, बोटं वाकडी बसली होती, आणि समोरच्या पक्षाचा माणूस म्हणाला, हा तर बरा दिसतोय. मालक लोकांना तारखा अडचणीच्या नव्हत्या. कामगाराला एकेक तारीख जड जायची.

याच दिवसांत सुनंदा सिस्टर माझ्या टेबलाशी आल्या. लातूरच्या, तिथल्या सिव्हिलमध्ये कंत्राटी नर्स होत्या, मग इकडे एका खासगी क्लिनिकमध्ये. शांत बाई, पण मुद्द्याची. मी काही विचारायच्या आत म्हणाल्या, "मागणं वर लिहायचं असतं ना? मग लिहा. मला हाइलला जायचंय."

हाइल शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात त्यांची निवड झाली होती. आठ तासांची ड्यूटी आणि राहायला फॅमिली क्वार्टर. ही दुसरी गोष्ट खरी. त्यांची सहा वर्षांची मुलगी, श्रेया, लातूरला आजीकडे होती. तिला त्यांनी तीन वर्षांची असताना सोडलं होतं. क्लिनिकमध्ये बारा-चौदा तास उभं राहून खोलीवर आल्या की मुलगी फोनवर झोपलेलीच दिसायची. हाइलला गेल्या तर तिला आणता येणार होतं. त्यांचा क्लिनिकशी करार संपला होता, कायद्याने त्या मोकळ्या होत्या, पण क्लिनिक सोडायला तयार नव्हतं. समितीने एक ओळीचा निर्णय दिला असता की काम झालं होतं. हाइलवाले दोन महिने थांबायला तयार होते.

मी त्यांना अगदी फुशारकीने सांगितलं, पहिल्याच तारखेला निकाल लागेल, अशा केसमध्ये वाद घालण्यासारखं काही नसतंच. पहिल्या तारखेला निसाब पूर्ण नव्हता. दुसऱ्या तारखेलाही नव्हता. हाइलवाल्यांना मी विनंतीचं पत्र लिहिलं. त्यांनी आणखी मुदत दिली. तिसऱ्या तारखेला सिस्टर त्या खुर्चीकडे बघत माझ्या कानाशी म्हणाल्या, "एका माणसाची ऑर्डर निघेना, म्हणून माझी ऑर्डर वाया जाईल का हो, भाई?" मी म्हटलं, असं कसं होईल. मला काहीच माहीत नव्हतं.

आता माझा गुन्हा सांगतो.

थंडीचे दिवस. दुपारची अजान झाली होती. अबू नासिरने शटर अर्ध्यावर आणलं होतं आणि बाहेरून त्याचं यल्ला, यल्ला, म्हणजे चल लवकर, चाललं होतं. मी वाकून बाहेर पडणार तोच मोबाइल वाजला. सिस्टर होत्या. मागे क्लिनिकचा गलका ऐकू येत होता. म्हणाल्या, "भाई, हे लोक माझ्याकडे खुलासा मागतायत. अरबीत कागद आहे, खाली सही करायची. देऊ का?"

माझा एक नियम होता आणि तो मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचो, की कागद डोळ्यांनी पाहिल्याशिवाय बोलायचं नाही. त्या दिवशी मी शटरखाली वाकलेलो होतो. खुलासा हा शब्द तर घरचा. आपल्याकडे कामावर दहा मिनिटं उशीर झाला तरी लेखी खुलासा मागतात. मला वाटलं, बदली का मागितली ते विचारत असतील. मी म्हटलं, "द्या ना, सिस्टर. खुलासा द्यायला काय हरकत? जे खरं आहे ते लिहून टाका." आणि नमाजाला गेलो.

चार दिवसांनी त्या झेरॉक्स घेऊन आल्या. कागदाच्या डोक्यावर ठळक अक्षरात शब्द होता, मुखालसा. खुलासा नव्हे. मुखालसा म्हणजे फारकत. त्यात लिहिलं होतं की माझी क्लिनिकविरुद्ध कसलीही तक्रार उरलेली नाही, माझे सगळे हक्क मला मिळाले, आणि मी राजीखुशीने कायमची मायदेशी परत जात आहे. खाली सिस्टरची सही. क्लिनिकच्या क्लार्कने हिंदीत बोलताना 'मुखालसा' म्हटलं, सिव्हिलमध्ये नोकरी केलेल्या कानाने त्यातला खुलासा ऐकला, आणि तोच त्यांनी मला सांगितला.

मी त्यांना ओळ अन् ओळ मराठीत वाचून दाखवली. आयुष्यभर लोकांचे कागद वाचले, पण असा कधी वाचला नव्हता. त्या कागदावर बोट ठेवून म्हणाल्या, "पण मी तर खाली खुलासा लिहिलाय." खरंच, सहीच्या खाली त्यांच्या गोल अक्षरात इंग्रजीतल्या तीन ओळी होत्या. ड्यूटी चौदा तासांची होते, मुलगी सहा वर्षांची आहे, हाइलला क्वार्टर मिळणार आहे, म्हणून बदली मागितली. क्लिनिकवाल्यांनी बाई काहीतरी खरडतेय म्हणून लिहू दिलं असावं. त्यांना सही हवी होती.

क्लिनिक आता विमानाचं तिकीट काढायच्या मागे होतं. अबू सालेहने एक गोष्ट बरी सांगितली. केस समितीसमोर पडून आहे तोवर त्यांना परत पाठवता येणार नाही. ज्या रिकाम्या खुर्चीला मी रोज शिव्या देत होतो, तिनेच त्यांना थोडे दिवस थोपवून धरलं. हसावं की रडावं कळेना.

उन्हं तापायला लागली आणि एका सकाळी अबू सालेह रस्ता ओलांडून धापा टाकत दुकानात आला. फाइल खाली आली होती. नवे अध्यक्ष तरुण होते, चष्मा लावणारे, कमी बोलणारे. पहिल्या दिवशी ते त्या खुर्चीत बसले तेव्हा खोलीतल्या सगळ्यांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना ते का, हे कळलं नसणार.

सिस्टरची केस निघाली. क्लिनिकच्या वकिलाने एकच कागद पुढे केला, मुखालसा, आणि खलास म्हणून खाली बसला. अध्यक्षांनी सिस्टरना विचारलं, ही सही तुमची? मी भाषांतर केलं. त्या म्हणाल्या, हो. मी तेही भाषांतर केलं. अध्यक्षांनी पेन उचललं. तेव्हा मी म्हटलं, मला बोलायचंय.

दुभाष्याने स्वतःचं बोलायचं नसतं. अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "तू भाषांतर करतोयस की साक्ष देतोयस?" हा साधा प्रश्न नव्हता. दुभाष्याचा इकामा कोणी मागत नाही. साक्षीदाराचा नोंदवून घेतात, पेशासकट. मजूर म्हणून आलेला माणूस इतकी वर्षं इथे उभा राहून काय करतो, हे एकदा वहीत चढलं की माझंही काही खरं नव्हतं. घरी तीन मुली शिकत होत्या.

मी म्हटलं, "साक्ष." आणि अबू सालेहच्या हातात इकामा दिला.

सगळं सांगितलं. शटर, फोन, माझा शहाणपणा. अध्यक्षांनी विचारलं, तुमच्या भाषेत खुलासा म्हणजे काय? मी म्हटलं, शब्द तुमचाच आहे. अरबीत खुलासा म्हणजे सारांश. आमच्याकडे येता येता त्याचा अर्थ बदलला. जे घडलं ते का घडलं, हे सांगणं म्हणजे खुलासा. नोकरी करणाऱ्या प्रत्येकाला हा शब्द माहीत असतो आणि प्रत्येकाला त्याची धास्ती असते. डावीकडचे म्हातारे सदस्य मिशीत हसले. अध्यक्ष हसले नाहीत. त्यांनी कागद जवळ ओढला आणि सहीखालच्या इंग्रजी ओळी वाचल्या, एकदा मनात आणि एकदा मोठ्याने, अरबी करून. मग वकिलाला म्हणाले, "जिने सगळे हक्क सोडले, ती बाई खाली आपण हाइलला का जातोय याची कारणं कशाला लिहील?"

मुखालसा रद्द झाला. सिस्टरना दुसरीकडे जायची परवानगी मिळाली. तीन सह्या, एक, दोन, तीन, माझ्यासमोर झाल्या. माझा इकामा परत देताना अध्यक्ष म्हणाले, पेशा दुरुस्त करून घे, तोवर या खोलीत येऊ नकोस. अबू नासिरने दोन वर्षं खेटे घातले तेव्हा ती दुरुस्ती झाली. तोपर्यंत समितीच उरली नव्हती, नवी कोर्टं आली होती. आता तर तक्रार मोबाइलवरून होते, तारीख मेसेजने येते आणि न्यायाधीश स्क्रीनवर दिसतात. झटपट होतं सगळं, चांगलंच आहे. पण अबू सालेहची कॉफी, जिन्यावर बसून एकमेकांचे कागद वाचणारी माणसं, आत जाण्याआधी माझ्या हातात हात देणारी माणसं, ती आठवली की मला करमत नाही.

निकालाच्या दिवशी सिस्टरनी कचेरीच्या पायऱ्यांवरूनच हाइलला फोन लावला. मी दोन पायऱ्या खाली उभा होतो. त्यांनी निकालाचा नंबर सांगितला, तारीख सांगितली, मग ऐकत राहिल्या. शेवटी थँक यू म्हणून फोन ठेवला. जागा गेल्या आठवड्यात भरली होती.

पुढे त्यांना बुरैदातच एका छोट्या हॉस्पिटलात काम मिळालं. ड्यूटी माणसासारखी, पण फॅमिली क्वार्टर नाही. ते मिळेपर्यंत श्रेया दहावीला आली होती आणि तिला यायचं नव्हतं. एकदा सुट्टीत महिनाभर आली तेव्हा सिस्टर तिला घेऊन दुकानात आल्या. मी मराठीत विचारलं, ती इंग्रजीत उत्तरं देत होती, आणि आईशी बोलताना पाहुण्यांशी बोलावं तशी जपून बोलत होती. मला तिच्याकडे नीट बघवेना.

मी सिस्टरची माफी एकदा नाही, अनेकदा मागितली. त्या दर वेळी तेच म्हणायच्या, "खुर्ची भरलेली असती, तर तो फोन करायची वेळच आली नसती, भाई." हे खरं आहे. खुर्ची रिकामी ठेवणारी माणसं दूर होती, त्यांना सिस्टरचं नावही माहीत नव्हतं. मी मात्र फोनवर होतो आणि मला माहीत होतं.

यंदा मी कायमचा परत निघालो. जाताना मालकाला मुखालसा लिहून द्यावा लागतो, तशी रीत आहे. हजारो लोकांचे मी टाइप केले, माझा स्वतःचाही मीच केला. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही, मला माझे सर्व हक्क मिळाले. प्रिंट काढली आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्या दुकानातल्या कागदावर माझी सही केली. सहीखाली जागा होती. तिथे मराठीत लिहिलं, "सुनंदा सिस्टरना मी कागद न पाहता सही करायला सांगितलं. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. त्यांची माझ्याविरुद्ध असायला हवी होती."

अबू नासिर आता थकलाय, काठी घेऊन चालतो. त्याने कागद डोळ्यांजवळ धरला आणि त्या ओळींवर बोट ठेवून विचारलं, हे काय?

मी म्हटलं, खुलासा.

तो अरबी माणूस. त्याने त्याच्या भाषेतला अर्थ घेतला. म्हणाला, "सव्वीस वर्षांचा सारांश, इब्राहीम, एवढाच?"

मी म्हटलं, हो, एवढाच. त्याने कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली.